शाळेचे रजिस्टर आणि म्हातारपणीची पेन्शन

(सोसायटीच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





सेक्रेटरी साहेब घरी आले आणि म्हणाले, "सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय आणि पेन्शन यांवर आमच्या पालकांसमोर बोला." मी त्यांना म्हणालो, साहेब, तुमच्या हॉलमध्ये पाचवी ते बारावीची मुले बसणार. त्यांना पेन्शनचे काय? त्यांच्यापुढे तर अजून नोकरीचाच प्रश्न आहे. पण ते गेल्यावर मी विचार करीत बसलो, आणि मला वाटले की ही माणसे बरोबर जागी आली आहेत. मी कोषागारात, म्हणजे ज्याला आपण ट्रेझरी म्हणतो तेथे, १९८५ ते २०२० अशी जवळजवळ पस्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर गेली. शेकडो पेन्शनरांचे कागद माझ्या हाताखालून गेले, आणि ज्यांचे कागद अडले त्यांतल्या पुष्कळांचे मूळ शोधत गेलो तर ते एखाद्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडले. माणूस साठीला आला, केस पिकले, नातवंडे झाली, आणि त्याचे प्रकरण अडले कशावर? तर तो सहा वर्षांचा असताना गुरुजींनी लिहिलेल्या एका ओळीवर.

म्हणून मी आज सुरुवात पेन्शनपासून न करता जून महिन्यापासून करतो.

आपल्या महाराष्ट्रात १ जून ही फार मोठ्या जन्मोत्सवाची तारीख आहे. माझी स्वतःची जन्मतारीख १ जून १९६२. खरे म्हणाल तर मी त्या वर्षीच्या पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास जन्मलो असे आई सांगत असे. पण शाळा जूनमध्ये भरत, मुलाला सहा वर्षे पुरी पाहिजेत, आणि घरात जन्माचा दाखला कोणाकडे होता? वडील हात धरून शाळेत नेत, गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडायला सांगत, कान हाताला लागला की मूल सहा वर्षांचे झाले असे धरून १ जून लिहून टाकीत. ही काही एका जातीची किंवा धर्माची गोष्ट नाही. मराठा असो, धनगर असो, महार असो, मोमीन असो, सगळ्यांना गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातले. त्यात गुरुजींचा दोष नाही. उलट त्यांनी तेवढे लिहिले नसते तर आम्ही शाळेत बसलोच नसतो.

पण त्याचा शेवट कोठे होतो ते पाहा. सरकारी नियम असा आहे की ज्या महिन्यात ठरलेले वय पुरे होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी नोकर निवृत्त होतो. मात्र ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीसच घरी जातो. म्हणजे १ जूनवाला ३१ मे रोजी. दर वर्षी ३१ मेच्या संध्याकाळी आमच्या राज्यातल्या कचेऱ्यांतून शाल-श्रीफळ घेऊन माणसे रांगेने बाहेर पडतात ती या कारणाने. आणि वार्षिक वेतनवाढ मिळते १ जुलैला. मागच्या वेतनवाढीनंतर अकरा महिने काम केले, बारावा महिना पुरा होण्याआधीच माणूस बाहेर. जे ३० जूनला निवृत्त होतात त्यांचे एक वर्ष पुरे भरते, म्हणून त्यांना ती वेतनवाढ पेन्शनसाठी धरावी असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला. ३१ मेवाल्याचे वर्षच पुरे होत नाही, तेव्हा त्याला तो निकाल कामाचा नाही. हिशेब करून सांगतो. शेवटचा मूळ पगार ६०,००० रुपये असेल तर तीन टक्क्यांची वेतनवाढ होते १,८००. पेन्शन निम्मी, म्हणून दरमहा ९०० रुपयांचा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा, आणि हे जन्मभर. गुरुजींनी १ जूनऐवजी २ जून लिहिले असते तरी तो माणूस ३० जूनला निवृत्त झाला असता! मी स्वतः ३१ मे २०२० रोजी निवृत्त झालो. ते लॉकडाउनचे दिवस होते, त्यामुळे शालही नाही आणि श्रीफळही नाही. मास्क लावून सहीचे रजिस्टर बंद केले आणि घरी आलो.

आता वयाचे नियम थोडक्यात सांगतो, कारण त्यांत लोकांचा फार गोंधळ आहे. इंग्रजांच्या काळापासून सरकारी नोकराचे निवृत्तीचे वय साधारण ५५ होते. केंद्र सरकारने १९६२ मध्ये ते ५८ केले आणि १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्र राज्याच्या नोकरांना मात्र अजून ५८ आहे, फक्त शिपाई वगैरे ड वर्गातील मंडळींना ६०. आपल्या अनुदानित शाळेतील शिक्षक ५८ ला जातो, त्याच शाळेतला शिपाई ६० ला. हायकोर्टाचे न्यायाधीश ६२ पर्यंत, सुप्रीम कोर्टाचे ६५ पर्यंत. राज्यातही ६० करा अशी कर्मचारी संघटनांची मागणी पुष्कळ दिवसांची आहे. मला विचाराल तर या मागणीबद्दल माझे मन दोन्हीकडे ओढते. मी अठ्ठावन्नला चांगला धडधाकट होतो, अजून दोन वर्षे काम केले असते. पण स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेऊन वाचनालयात बसलेली आपली पोरे पाहिली की वाटते, माझी खुर्ची रिकामी झाली हेच बरे. शिवाय नोकराला वयाच्या पन्नास-पंचावन्नला एक चाळणी असते. त्याचे काम, सचोटी आणि तब्येत पाहून त्याला पुढे ठेवायचे की नाही ते ठरवितात. ही गोष्ट तरुणांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगितली.

आता जन्मतारीख चुकली तर दुरुस्त करता येत नाही काय? येते, पण वेळ असते. महाराष्ट्राच्या सेवाशर्तीच्या नियमांप्रमाणे आणि केंद्राच्या नियमांप्रमाणेही, नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत पुराव्यानिशी अर्ज केला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हरनाम सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की नोकरीच्या अखेरीस येऊन जन्मतारीख बदलून मागता येणार नाही. मोठमोठ्या माणसांचे येथे काही चालले नाही. आपले लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर १९५१ साल होते आणि लष्करी प्रबोधिनीच्या अर्जावर १९५०. हा वाद २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, न्यायालयाने हात घालण्यास नकार दिला, त्यांनी अर्ज मागे घेतला आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. ज्याच्या शब्दावर लाखो जवान हलतात त्यालासुद्धा विद्यार्थिदशेत भरलेल्या एका अर्जातले साल बदलता आले नाही. मग आपण तर साधी माणसे.

माझ्या ओळखीचे एक चाचा आहेत, ते राज्य सरकारच्या एका खात्यात होते. त्यांची आई सांगत असे, "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या महिन्यात हा झाला." कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे चाचांचा जन्म जानेवारी १९६८ मधला. पण १९७२ च्या जूनमध्ये, दुष्काळाच्या वर्षी, आई-वडील दोघेही खडी फोडायला जाऊ लागले, आणि लहानग्याला घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून थोरल्या भावाबरोबर त्यालाही शाळेत बसवून दिले. साडेचार वर्षांच्या मुलाला सहा वर्षांचा दाखवावा लागला, म्हणून रजिस्टरात आले १ जून १९६६. चाचा ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले. खरी तारीख असती तर जानेवारी २०२६ अखेर झाले असते. वीस महिन्यांचा पगार आणि दोन वेतनवाढी गेल्या. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, ज्याला आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, त्यांची खरी तारीख होती, हे त्यांना निवृत्तीच्या सहा महिने आधी कळले. ते कागद घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटले, "चाचा, हा कागद तुम्ही नोकरीला लागला त्या वर्षी आणला असता तर मीच तुमचा अर्ज लिहून दिला असता. आता चहा घ्या." दुसरे काय म्हणणार?

काही पालक याच्या उलट करतात. नोकरी लांबावी, परीक्षेला वयाची सवलत मिळावी म्हणून वय मुद्दाम कमी लिहवतात. त्यांना एवढेच सांगतो की असे कागद पडताळणीत उघडे पडले तर वीस महिने नव्हे, पुरी नोकरी जाते. आणि खोट्याने मिळविलेल्या रोटीविषयी आपल्या घरांतून काय शिकविले जाते ते मी सांगायची गरज नाही.

आता पेन्शनकडे येतो. पुष्कळ लोक पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी समजतात. आमच्या खिडकीपाशी म्हातारी माणसे हात जोडून उभी राहत, ते पाहून मला शरम वाटे. त्यांना मी सांगत असे, हात जोडू नका, हा तुमचा हक्क आहे. हे मी मनाचे सांगत नव्हतो. बिहारच्या शिक्षण खात्यातील अधिकारी देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पेन्शन ही खैरात नाही, ती नोकराची मालमत्ता आहे. त्यानंतर आले नाकरा प्रकरण. केंद्राने १९७९ मध्ये पेन्शनचा हिशेब सुधारला, पण त्याचा फायदा ३१ मार्च १९७९ नंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिला. संरक्षण खात्यातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले डी. एस. नाकरा न्यायालयात गेले. आपल्या पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला की एका तारखेची रेघ ओढून म्हाताऱ्यांचे असे दोन वर्ग पाडता येणार नाहीत. न्यायमूर्ती देसाई यांनी ते निकालपत्र लिहिले. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यासाठी.

जुन्या पेन्शनचा हिशेब सोपा आहे. किमान दहा वर्षांची धरण्याजोगी सेवा पाहिजे. पूर्वी पुऱ्या पेन्शनला ३३ वर्षे लागत, सहाव्या वेतन आयोगानंतर २० वर्षे पुरतात. पेन्शन मूळ पगाराच्या निम्मी आणि वर महागाई भत्ता. ग्रॅच्युइटी, म्हणजे उपदान, दर सहा महिन्यांच्या सेवेला पाव महिन्याचा पगार, जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांचा, आणि त्यावर रुपयांतही एक मर्यादा. याखेरीज पेन्शनचा काही भाग, चाळीस टक्क्यांपर्यंत, विकून एकरकमी पैसे घेता येतात. याला अंशराशीकरण असा जड शब्द आहे. आमच्या पेन्शनर मंडळींत सरळ "पेन्शन विकली" असे म्हणतात.

येथे थोडे थांबतो, कारण आपल्या घरांत सर्वांत जास्त नुकसान येथे होते. समजा, केंद्राच्या नोकरीतून साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्याची पेन्शन ३०,००० आहे. त्याने ४० टक्के, म्हणजे महिना १२,००० विकले. केंद्राच्या तक्त्याप्रमाणे त्याला हातात मिळतात सुमारे ११ लाख ८० हजार. पुढे पंधरा वर्षे दरमहा १२,००० कापले जातात. बेरीज करा, २१ लाख ६० हजार. पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पुरी होते, आणि तीसुद्धा न्यायालयाच्या निकालामुळे. पेन्शन विकू नये असे मी म्हणत नाही. डोक्यावर छप्पर नसेल, कर्जाचे व्याज चढत असेल, मुलाच्या शिक्षणाची फी असेल तर जरूर विकावी. आणि विकणारा लवकर अल्लाला प्यारा झाला तर विकलेल्या भागाची वसुली वारसांकडून होत नाही, हेही खरे. परंतु माझ्या डोळ्यांदेखत किती जणांनी ही रक्कम उचलून तीन दिवसांच्या शादीत, मंडपात आणि जेवणावळीत घातली! सहा महिन्यांनी तेच गृहस्थ खिडकीशी येऊन विचारीत, "साहेब, यंदा पेन्शन कमी का आली?" मी रजिस्टर फिरवून दाखवीत असे. त्यांना सगळे ठाऊक असे, तरी विचारीत.

आता जे बोलणार आहे ते विशेषतः माता-भगिनींनी ऐकावे. ही माझ्या घरची गोष्ट आहे.

माझे वडील एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर होते. १९८१ मध्ये नोकरीत असतानाच त्यांचा इंतकाल झाला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, पाठची तीन भावंडे. नोकराच्या मृत्यूनंतर विधवेला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, त्याची योजना १९६४ पासून आहे. आईला ते मिळायला काहीच अडचण नव्हती. पण आईची नावे तीन. माहेरचे एक, निकाहनाम्यात लिहिलेले दुसरे, आणि सासरी आल्यावर आजीने प्रेमाने ठेवलेले तिसरे. वडिलांनी सेवापुस्तकात घरात चालणारे तिसरे नाव लिहिले होते. रेशनकार्डावर पहिले होते. कचेरीने विचारले, ही बाई तीच कशावरून? सोळा महिने आई मला घेऊन त्या कचेरीच्या जिन्यावर बसत होती. रोज नवा कागद. पंचायतीचा दाखला आणा, तहसीलचा आणा, प्रतिज्ञापत्र आणा, ते दुसऱ्या नमुन्यात आणा. त्या कचेरीचे नाव मी घेत नाही, आता तेथे त्या वेळचे कोणी उरलेले नाही. शेवटी तेथे बदलून आलेले एक वयस्क हेडक्लार्क होते, ब्राह्मण गृहस्थ. त्यांनी आईला जिन्यावर पाहिले आणि म्हणाले, "अम्मा, तुम्ही आत येऊन बसा. हे काम तुमचं नाही, माझं आहे." दीड महिन्यात कागद निघाला. पहिला हप्ता हातात आला तेव्हा आईने घरी येण्याआधी किराणा दुकानदाराची उधारी फेडली, मग आम्हाला चप्पल घेतली. मी पुढे कोषागाराची परीक्षा दिली त्यामागे तो जिना होता.

चाळीस वर्षे झाली तरी हे दुखणे संपलेले नाही. आपल्यात मुलीचे शाळेतले नाव एक, निकाहनाम्यात अरबी-फारसीचे वेगळे लिखाण, आधार कार्डावर संगणकवाल्याने केलेले तिसरेच मराठीकरण. शेख हे आडनाव नावाच्या आधी की नंतर, महंमद की मोहम्मद, बेगम, बी की बानू, यांत माणूस एकच असतो, पण कागद तीन असतात. म्हणून नोकरीत असलेल्या प्रत्येक नवऱ्याने आपल्या बायकोचे नाव सेवापुस्तकात तिच्या दाखल्याप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहावे, आणि तिची जन्मतारीखही लिहावी. ही तारीख फार जण कोरी सोडतात. पेन्शनर किंवा त्याची विधवा वयाच्या ८० व्या वर्षी गेली की जादा पेन्शन मिळते. केंद्रात ८० ला २० टक्के, पुढे दर पाच वर्षांनी वाढत शंभरीला दुप्पट. राज्यातही ऐंशीनंतर वाढ आहे. पण पेन्शनच्या आदेशात विधवेची जन्मतारीखच नसेल तर ऐंशी झाली हे ठरवायचे कसे? माझ्या आईच्या आदेशात ती जागा कोरी होती. मी स्वतः पेन्शनच्या टेबलावर बसलेला माणूस, इतरांची दुरुस्ती करीत राहिलो आणि घरचा कागद पाहिला नाही. तिची वाढ सुरू होईपर्यंत बराच काळ गेला आणि २०२२ मध्ये ती गेली.

आणखी एक. लग्नाआधी नोकरीला लागलेला मुलगा नामनिर्देशनात वडिलांचे किंवा भावाचे नाव लिहितो, ते योग्यच आहे. लग्न झाल्यावर ते बदलायचे असते, तो विसरतो. मग त्याच्या पश्चात सून आणि सासरे कोर्टात समोरासमोर उभे राहतात. एकीपेक्षा अधिक पत्नी हयात असतील तर कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्यात सारखे वाटले जाते, परंतु सरकारी नोकराला सरकारच्या परवानगीशिवाय दुसरा विवाह करता येत नाही हा आचरणाचा नियम आपल्यालाही लागू आहे, हे तरुणांनी लक्षात ठेवावे. यावर अधिक बोलत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आतापर्यंत मी जी पेन्शन सांगितली ती तुमच्या चाचा-मामांची. तुम्हाला ती तशी मिळणार नाही. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी योजना बंद झाली. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापतात, सरकार आपला हिस्सा घालते, तो २०१९ पासून चौदा टक्के झाला, आणि पैसा बाजारात गुंतविला जातो. निवृत्तीला त्यातला किमान चाळीस टक्के भाग विमा कंपनीकडे देऊन त्यातून पेन्शन विकत घ्यायची. किती मिळेल हे आधी कोणी सांगू शकत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांनी १४ ते २० तारखेपर्यंत संप केला तो याच कारणाने. त्यानंतर काही दारे थोडी उघडली. राष्ट्रीय योजनेतला नोकर सेवेत असताना वारला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा विकल्प राज्याने २०२३ मध्ये दिला. नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची पण भरतीची जाहिरात त्याआधीची, अशांना जुनी योजना घेण्याची संधी २०२४ मध्ये मिळाली. तेव्हा ज्यांनी त्या जाहिरातीचे कात्रण जपून ठेवले होते ते किती खूश झाले असतील! आपल्या संस्थांतील ज्या शिक्षकांची नेमणूक २००५ पूर्वीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर आले, त्यांचे भांडण मात्र न्यायालयात गेले आणि त्यांनी फार सोसले.

केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत योजना आणली आहे. २५ वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, दहा वर्षे सेवा असल्यास दरमहा किमान १०,००० रुपये, आणि मृत्यूनंतर जोडीदारास त्या पेन्शनच्या ६० टक्के. पण तुमच्या पगारातून दहा टक्के कापणे चालूच राहणार. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना अशा हमीच्या योजनेचा विकल्प देण्याचे ठरविले. कोणती योजना घ्यावी हे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. किती वर्षे नोकरी होणार, घरात कोण अवलंबून आहे, यावर ते ठरते. विकल्पाची मुदत मात्र चुकवू नका. मुदत चुकलेल्या माणसाला नंतर कोणीही विचारीत नाही.

आता पालकांना करायची कामे. ज्यांची मुले १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मली, त्यांच्यासाठी शाळेचा प्रवेश, सरकारी नोकरी वगैरेंना जन्माचा दाखला हाच आधार धरण्याचा कायदा झाला आहे. तेव्हा दाखल्यावर नाव घालायचे राहिले असेल तर आधी तेथे घाला, आणि घरात सर्वांनी मिळून एकच लिखाण ठरवा. ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी दहावीचा बोर्डाचा फॉर्म जाण्याआधी एकदा येऊन जनरल रजिस्टर पाहावे. मूल शाळेत असताना चूक पुराव्यासह दुरुस्त करून घेता येते, शाळा सोडल्यावर ते फार कठीण होते. हेडमास्तर साहेबांनी मला सांगितले आहे की येत्या दोन शनिवारी दुपारी कार्यालयात रजिस्टर उघडे ठेवतील. मुलीच्या बाबतीत हे मुलाइतक्याच काळजीने करा. नोकरी तीही करणार आहे. आणि न केली तरी एखाद्या दिवशी कोणा कचेरीत तिला सांगावे लागेल की ती मीच.

नोकरीत असलेल्यांनी वर्षातून एकदा आपले सेवापुस्तक मागून पाहावे, पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. वर्षावर्षाची सेवा पडताळल्याची सही आहे का, रजा चढल्या आहेत का, मध्ये कोठे खंड दिसतो का, ते बघा. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी पेन्शनचे कागद सुरू व्हावयास हवेत, नाही झाले तर स्वतः विचारा. पेन्शनर बुजुर्गांनी नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नये. २०१४ पासून तो अंगठा लावून संगणकावरही देता येतो. अंगठ्याच्या रेषा झिजल्या असतील, काबाडकष्ट केलेल्यांच्या त्या झिजतातच, तर बँकेत जाऊन सही करा किंवा नातवाला मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायला सांगा. ही पोरे ते दोन मिनिटांत करतात.

 जेवणानंतर मी आठवी 'ब' च्या वर्गात बसणार आहे. ज्यांनी सेवापुस्तकाच्या किंवा पेन्शन आदेशाच्या नकला आणल्या असतील त्यांनी तेथे यावे. चष्मा आणला आहे. खालाजान, तुम्ही मघाशी दारात जो लिफाफा दाखवीत होता, तोही घेऊन या.